चारशे डॉलरचा प्रश्न : श्रीमंत अमेरिकेच्या घरात अडीअडचणीची पुंजी का उरत नाही?

१/ २०१३ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, देशभरातील प्रौढ नागरिकांना एक साधा प्रश्न विचारला : अचानक ४०० डॉलरचा खर्च उद्भवला, तर तो कसा भागवाल? हातातल्या रोख पैशातून, बचतीतून किंवा पुढच्याच बिलात पूर्ण फेडता येईल अशा कार्डावरून भागवू, असे सांगणारे जेमतेम निम्मे निघाले.

२/ उरलेल्यांपैकी कोणी कार्डावरची थकबाकी वाढवणार होते, कोणी आप्तेष्टांकडे उसने मागणार होते, कोणी घरातली वस्तू विकणार होते. काहींपाशी कोणताच मार्ग नव्हता. आणि रक्कम ती केवढी? मोटारीची एखादी दुरुस्ती किंवा दाताचे एखादे दुखणे. देशाच्या किमान वेतनाने, तासाला ७.२५ डॉलरने, मोजले तर सुमारे ५५ तासांची मजुरी.

३/ ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपल्या ओठांवर लगेच येते. अमेरिकन माणूस उधळा, म्हणून कफल्लक, असा निवाडाही सोपा वाटतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वेगळी साक्ष देतो. बचतीच्या मागे सवयीइतकीच संस्थाही उभी असावी लागते. आणि अमेरिकेत या संस्था कधी बुडाल्या, कधी बंद केल्या गेल्या. तो इतिहास या धाग्यात पाहू.

४/ एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कामगाराला आजारपणाची रजा नव्हती, निवृत्तिवेतन नव्हते, बेकारभत्ता नव्हता. तरीही तो अगदीच निराधार नव्हता. परस्पर साहाय्याच्या मंडळांत तो वर्गणी भरत असे. आजारपणात मंडळ काही रक्कम देई, मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च उचलत असे. इतिहासकार डेव्हिड बेइटो यांच्या अंदाजानुसार १९२० च्या सुमारास दर तीन प्रौढ पुरुषांमागे एक जण अशा एखाद्या मंडळाचा सभासद होता.

५/ विम्याचीही हीच कथा. १८७५ साली प्रुडेन्शियल आणि १८७९ साली मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपन्यांनी कामगारांसाठी आठवड्याच्या हप्त्याचा विमा सुरू केला. कंपनीचा माणूस दर आठवड्याला दारी येई आणि नाणी मोजून घेऊन जाई. हातावर पोट असणारी कुटुंबेही नेमाने पैसे बाजूला टाकत होती. घेणारा दारी येत होता, म्हणून टाकत होती, हे लक्षात ठेवावे.

६/ आता एका विश्वासघाताकडे वळू. ३ मार्च १८६५ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँके’च्या सनदेवर स्वाक्षरी केली. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी आपली पहिलीवहिली कमाई सुरक्षित ठेवावी, हा तिचा हेतू. पासबुकावर लिंकन यांचे चित्र असे. हे पैसे सरकारच सांभाळते, असे ठेवीदारांना वाटावे, यात नवल नव्हते.

७/ प्रत्यक्षात सरकारची हमी नव्हती. १८७० मध्ये सनदेत बदल झाला आणि जमीनजुमल्यावर कर्जे देण्यास मुभा मिळाली. धनिकांशी लागेबांधे असलेल्या संचालकांनी जोखमीची कर्जे वाटली. १८७३ च्या आर्थिक अरिष्टाने पाया खचला. मार्च १८७४ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्षपदी बसवण्यात आले. त्यांनी पदरचे १० हजार डॉलरही घातले. पण वेळ टळून गेली होती.

८/ १८७४ च्या जूनअखेरीस बँकेचे दरवाजे बंद झाले. तेव्हा ६१ हजारांहून अधिक ठेवीदारांचे मिळून सुमारे ३० लाख डॉलर तिच्यात होते. पुढे कित्येक वर्षे रखडत काहींना काही अंश परत मिळाला, अनेकांना काहीच मिळाले नाही. नुकत्याच मुक्त झालेल्या समाजाने बँकेविषयी घेतलेला हा पहिला मोठा अनुभव. त्यानंतर ‘हे लोक बँकेत पैसे का ठेवत नाहीत?’ असे विचारणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये.

९/ खासगी बँका बुडतात आणि छोट्या ठेवीदाराला विचारीत नाहीत, तर टपाल खात्यानेच ठेवी का स्वीकारू नयेत? ब्रिटनमध्ये ही सोय १८६१ पासून होती, आपल्याकडे भारतात १८८२ पासून. अमेरिकेत शेतकऱ्यांच्या चळवळींनी तिची मागणी लावून धरली आणि बँकांनी कसून विरोध केला. अखेर १९०७ च्या अरिष्टानंतर वारे फिरले. २५ जून १९१० रोजी अध्यक्ष टाफ्ट यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली.

१०/ जानेवारी १९११ मध्ये टपाल बचत सुरू झाली. एक डॉलरपासून खाते उघडता येई; दहा वर्षांचे मूलही ते उघडू शके. तेवढाही डॉलर एकरकमी जमत नसेल, तर दहा सेंटची तिकिटे विकत घेऊन कार्डावर चिकटवायची आणि डॉलर भरला की ठेव करायची. व्याज दोन टक्के. मायदेशी टपालातच पैसे ठेवण्याची सवय असलेल्या स्थलांतरितांनी ही सोय उचलून धरली.

११/ महामंदीत हजारो बँका कोसळल्या, तेव्हा लोकांनी टपाल कचेरीकडे धाव घेतली. १९२९ मध्ये सुमारे १५ कोटी डॉलर असलेल्या ठेवी १९३३ पर्यंत सुमारे १२० कोटींवर गेल्या. १९४७ मध्ये तर ४० लाखांहून अधिक ठेवीदार आणि जवळजवळ ३४० कोटी डॉलर, असा या योजनेचा मध्यान्ह आला.

१२/ पुढे बँकांतील ठेवींना सरकारी विमासंरक्षण मिळाले, बँका व्याजही अधिक देऊ लागल्या, आणि टपालाचे दोन टक्के आहे तिथेच राहिले. १९६६ साली काँग्रेसने ही योजना गुंडाळली. कारण वरवर पटण्याजोगे होते. परंतु दहा सेंटचे तिकीट घेऊन येणाऱ्या माणसाचे स्वागत करणारी खिडकी बंद झाली, आणि तिच्या जागी दुसरी उघडली नाही.

१३/ त्याच काळात दुसरा एक दरवाजा मात्र रुंदावत होता : कर्जाचा. विसाव्या शतकाच्या आरंभी पगारावर उसने देणारे बेकायदा सावकार शहरोशहरी मातले होते. त्यांना आवर घालण्यासाठी रसेल सेज फाउंडेशनने १९१६ मध्ये एक नमुना कायदा तयार केला. ३०० डॉलरपर्यंतच्या कर्जावर महिना साडेतीन टक्के व्याजाची मुभा त्यात होती. सावकारी आटोक्यात आणण्याचा हेतू प्रामाणिक होता. परंतु अडीनडीचा मान्य उपाय म्हणून कर्जालाच प्रतिष्ठा लाभली.

१४/ १९१९ मध्ये जनरल मोटर्सने मोटारखरेदीला कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली. विसाचे दशक सरेपर्यंत निम्म्याहून अधिक मोटारी हप्त्यांवर विकल्या जाऊ लागल्या. आधी साठवावे आणि मग घ्यावे, हा क्रम उलटला. दर महिन्याच्या पगारातला एक भाग आधीच कुणाच्या तरी नावे लिहिलेला असू लागला.

१५/ अमेरिकन माणसाला साठवताच येत नाही, या समजाला छेद देणारा पुरावा दुसऱ्या महायुद्धात सापडतो. मे १९४१ पासून सरकारने छोटे बचतरोखे विकायला काढले. १८ डॉलर ७५ सेंट भरायचे, मुदतीनंतर २५ डॉलर मिळायचे. हप्ता थेट पगारातून कापला जाई. साडेआठ कोटी लोकांनी रोखे घेतले. १९४३-४४ मध्ये कुटुंबे करोत्तर उत्पन्नाचा सुमारे पाव हिस्सा शिल्लक टाकत होती.

१६/ अर्थात बाजारात खरेदीसारखे फार काही नव्हते. शिधावाटप होते, देशभक्तीचे आवाहनही होते. पण कारखान्यांत भरपूर काम होते, पगार नियमित होता आणि पैसे हाती पडण्याआधीच त्यांतला थोडा बाजूला जात होता. ज्या पिढीने मंदीत सर्वस्व गमावले होते, त्याच पिढीने हे करून दाखवले.

१७/ युद्धानंतरच्या भरभराटीत एक भेग मात्र बुजली नाही. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धत्व आणि बेकारी यांचा विचार केला; आजारपण वगळले. १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला, तो फेटाळला गेला. आरोग्यविमा नोकरीशी बांधला गेला. ज्या दिवशी नोकरी जाई, त्याच दिवशी विम्याचे छत्रही डळमळू लागे.

१८/ सप्टेंबर १९५८. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकाने सुमारे ६० हजार रहिवाशांना न मागता टपालाने एक कार्ड पाठवले. हेच कार्ड पुढे ‘व्हिसा’ या नावाने जगभर गेले. १९७४ च्या कायद्याने स्त्रियांनाही स्वतःच्या नावावर कर्ज मिळण्याचा हक्क दिला, आणि ते न्याय्यच होते. परंतु व्याजावर अजून राज्याराज्यांच्या कायद्यांचा लगाम होता.

१९/ तो लगाम एका खटल्याने सुटला. नेब्रास्कातील बँक १८ टक्के व्याजाची कार्डे मिनेसोटात वाटत होती. मिनेसोटाची मर्यादा १२ टक्के. डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला : राष्ट्रीय बँक ज्या राज्यात आहे, तिथलाच दर ती अन्य राज्यांतील ग्राहकांनाही लावू शकते.

२०/ अर्थ उघड होता. एकाच राज्याने मर्यादा उठवली, तरी देशभरची मर्यादा उठली. १९८० मध्ये साउथ डकोटाने ती उठवली. न्यूयॉर्कच्या कायद्याने आणि त्या वेळच्या महागाईने जेरीस आलेल्या सिटीबँकेने आपला कार्डविभाग त्या राज्यातील सू फॉल्स या गावी हलवला. अमेरिकन घराच्या अडीअडचणीचा दर तिथून पुढे दूरच्या एका विधिमंडळाच्या मर्जीवर ठरू लागला.

२१/ याच सुमारास जोखमीचे ओझेही एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकले. १९७८ च्या करकायद्यातील ‘४०१(के)’ या कलमातून निवृत्तीची जी योजना वाढली, तिच्यात बाजाराचा धोका मालकाऐवजी कामगाराचा झाला. कामगार संघटनांचे सभासद पन्नाशीच्या दशकात नोकरदारांच्या सुमारे एकतृतीयांश होते. आज ते दहा टक्क्यांच्या आसपास आहेत. किमान वेतन २००९ पासून एका सेंटनेही वाढलेले नाही. २००३ च्या कायद्याने तर ‘आधी मोठी रक्कम स्वतः भरा, मग विमा’ अशा आरोग्ययोजनांना करसवलत दिली. राज्यशास्त्रज्ञ जेकब हॅकर यांनी या साऱ्याला ‘जोखमीचे महास्थलांतर’ अशा अर्थाचे नाव दिले.

२२/ उत्पन्न किती, याइतकेच ते केव्हा येते, हेही महत्त्वाचे. जोनाथन मॉर्डक आणि रेचेल श्नायडर यांनी २३५ कुटुंबांच्या वर्षभराच्या जमाखर्चाच्या नोंदी ठेवल्या. सरासरी कुटुंबाच्या वाट्याला वर्षातले पाच महिने असे आले, की उत्पन्न नेहमीपेक्षा पाव हिश्श्याहून अधिक वर तरी गेले किंवा खाली तरी आले. एका महिन्यात साठवायचे आणि पुढच्याच महिन्यात मोडायचे. अशा घरांत बचत होत नाही असे नव्हे. ती टिकत नाही.

२३/ आणखी एक विपरीत गोष्ट. अपंग व निर्धन वृद्धांना मिळणाऱ्या ‘एसएसआय’ या सरकारी साहाय्यासाठी एकट्या व्यक्तीची शिल्लक २,००० डॉलरच्या वर असता कामा नये. राहते घर आणि एक वाहन त्यातून वगळलेले आहे. ही मर्यादा १९८९ पासून तशीच आहे, मधल्या काळात महागाई कितीही वाढली असली तरी. म्हणजे ज्याला पुंजीची गरज सर्वाधिक, त्याने ती जमवली तर मदत थांबते.

२४/ इतिहासाने दुसरी साक्ष अलीकडेच दिली. २०२० च्या महासाथीत पात्र प्रौढांना १,२०० डॉलर थेट मिळाले, बेकारभत्ता वाढला. एप्रिल २०२० मध्ये देशाचा बचतीचा दर ३० टक्क्यांच्या वर गेला. २०२१ च्या पाहणीत चारशे डॉलरचा खर्च रोखीने भागवू शकणारे ६८ टक्क्यांवर पोहोचले. तोवरचा हा उच्चांक. साहाय्य आटले, महागाई भडकली आणि २०२२ मध्ये आकडा ६३ टक्क्यांवर उतरला. दोन वर्षांत कोणत्याही राष्ट्राचा स्वभाव बदलत नसतो.

२५/ म्हणून म्हणीकडे पुन्हा पाहू. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. पण अंथरूण कोणी आखूड केले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारायचा असतो. फ्रीडमन्स बँक, टपाल बचत, व्याजाची मर्यादा, मालकाने दिलेले निवृत्तिवेतन : यांपैकी प्रत्येक गोष्ट नाहीशी होण्यामागे कुणाचा तरी निर्णय होता, आणि त्या निर्णयाला तारीख आहे. उधळेपणाला तारीख नसते. म्हणूनच तो आरोप इतका सोयीचा ठरतो.

२६/ आजी-आजोबांच्या ट्रंकेत टपालाचे जुने पासबुक असेल, तर एकदा उघडून पाहा. घरातला अचानक आलेला खर्च तेव्हा कुठून भागत असे, हेही त्यांना विचारा. उत्तरात माणसांच्या काटकसरीइतकीच एखादी संस्थाही भेटेल. ती कोणती, हे या धाग्याखाली जरूर लिहा.