समुद्राकडे पाहणाऱ्या तोफा

तोफखान्यातील सैनिकांची पाठराखीण म्हणून ख्रिस्ती परंपरेने संत बार्बरा हिला मानले आहे. तिचा स्मरणदिन ४ डिसेंबर. १९४१ साली हा दिवस सिंगापूरच्या किनाऱ्यावरील गोलंदाजांना शांततेत लाभला. त्यानंतर चारच दिवसांनी, ८ डिसेंबरला, निष्कलंक मरियेच्या सणाच्या पहाटेपूर्वी जपानी सैन्य मलायाच्या उत्तरेस कोटा भारू येथे उतरले. पुढे सत्तर दिवसांच्या आत सिंगापूर शत्रूच्या हाती गेले आणि त्या गोलंदाजांच्या कपाळी एक कलंक लागला. 'सिंगापूरच्या तोफांची तोंडे चुकीच्या दिशेला होती,' हे वाक्य तेव्हापासून पुस्तकांतून, भाषणांतून आणि गप्पांतून इतक्या वेळा उच्चारले गेले की त्याची जवळजवळ म्हण झाली आहे. या म्हणीत सत्य किती, हे पाहण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

पहिल्या महायुद्धानंतर जपानच्या वाढत्या आरमाराला तोंड देण्यासाठी ब्रिटिश सरकारने १९२१ साली सिंगापूर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर मोठा नौदल तळ उभारण्याचे ठरविले. या तळाच्या रक्षणासाठी किनाऱ्यावर आणि आसपासच्या लहान बेटांवर एकोणतीस मोठ्या तोफा बसविण्यात आल्या. त्यांपैकी पाच १५ इंची, सहा ९.२ इंची आणि अठरा ६ इंची होत्या. पूर्वेस चांगीजवळच्या तीन १५ इंची तोफांना 'जोहोर तोफखाना' हे नाव मिळाले, कारण जोहोरच्या सुलतानांनी १९३५ साली ब्रिटिश राजाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पाच लक्ष पौंडांची देणगी दिली होती. उरलेल्या दोन १५ इंची तोफा नैर्ऋत्येस बुओना व्हिस्टा येथे होत्या. १५ इंची तोफेचा एक गोळा सुमारे ८८० किलो वजनाचा असे आणि तो तीस किलोमीटरहून अधिक अंतरावर जाऊन पडे. तोफा चालविणाऱ्यांत ब्रिटिश गोलंदाजांबरोबर हाँगकाँग सिंगापूर रॉयल आर्टिलरीचे भारतीय जवानही होते. त्यांत पंजाबातील शीख व मुसलमान यांचा भरणा मोठा होता.

किनारी तोफखान्याचा अभ्यास करणाऱ्यास तीन साधे प्रश्न विचारावे लागतात. तोफ कोठवर वळते? तिच्यापाशी गोळा कोणता आहे? आणि लक्ष्य कोठे आहे, हे तिला कोण सांगतो? या प्रश्नांची उत्तरे तोफांच्या बैठकी, दारूगोळ्याच्या नोंदी आणि पलटणींच्या रोजनिश्या यांत सापडतात. म्हणी रचणारे त्या वाटेला सहसा जात नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणीला छेद देणारे आहे. बुओना व्हिस्टाच्या तोफा उत्तरेकडे वळू शकत नव्हत्या, हे खरे. परंतु जोहोर तोफखाना जमिनीच्या दिशेने वळला आणि लढलाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्याने १९४ गोळे डागल्याची नोंद आहे. ते जोहोर बारू, तेंगाह विमानतळ आणि बुकित तिमाह या दिशांना, म्हणजे बेटावर चालून येणाऱ्या शत्रूवर टाकलेले होते. ब्लाकांग माती बेटावरील, म्हणजे आजच्या सेंटोसावरील, ९.२ इंची तोफांनीही जमिनीवरील शत्रूवर मारा केला.

दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र खरी व्यथा उघडी पडते. या तोफा युद्धनौका बुडविण्यासाठी आणलेल्या होत्या, म्हणून त्यांना चिलखतभेदी गोळे पुरविण्यात आले होते. असा गोळा जहाजाचा पोलादी पत्रा भेदून आत शिरतो आणि मग फुटतो. मलायाच्या मऊ मातीत तो खोल रुतून बसे, आणि विखुरलेल्या पायदळाला त्यापासून फारशी इजा होत नसे. पायदळावर चालणारे स्फोटक गोळे १५ इंची तोफांपाशी जवळजवळ नव्हतेच. ९.२ इंची तोफांना ते मोजकेच, दर तोफेमागे सुमारे तीस, मिळाले होते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तसेच आहे. समुद्रावरील जहाजाचे अंतर मोजण्यासाठी किनाऱ्यावर उत्तम निरीक्षणचौक्या होत्या. रबराच्या मळ्यांत आणि जंगलात दडलेला शत्रू त्या चौक्यांतून दिसणार कसा? गोलंदाजांना पुष्कळदा नकाशावरील अंदाजाने मारा करावा लागला.

मग तोफा अपयशी ठरल्या काय? ज्या कामासाठी त्या बसविल्या होत्या, ते काम त्यांनी केले असेच आम्हांला वाटते. जपानी आरमार सिंगापूरवर समुद्रातून चालून आलेच नाही. शत्रूने दूर उत्तरेस उतरून सारा मलाया पायी आणि सायकलींवरून पार केला, आणि ८ फेब्रुवारीच्या रात्री तो बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर उतरला. पुढचे दार इतके भक्कम होते की त्याने मागचे दार निवडले.

मागच्या दाराची आठवण कोणालाच झाली नव्हती, असे मात्र नाही. १९३५ ते १९३९ या काळात मलायाचे सेनापती असलेले मेजर जनरल विल्यम डॉबी यांनी ती स्पष्ट शब्दांत करून दिली होती. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांतही शत्रू पूर्व किनाऱ्यावर उतरू शकतो, हे त्यांनी ओळखले होते. जोहोरमध्ये तटबंदी उभारण्यासाठी त्यांना साठ हजार पौंड मंजूर झाले, पण त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम खर्चच झाली नाही. जपानच्या दृष्टीने सिंगापूरवरील हल्ल्याचा आराखडा त्या वेळी ज्या अधिकाऱ्याने मांडला, ते त्यांचे सहायक आर्थर पर्सिव्हल १९४१ साली स्वतःच मलायाचे सेनापती झाले. मुख्य अभियंता ब्रिगेडियर आयव्हन सिम्सन यांनी उत्तर किनाऱ्यावर संरक्षक बांधकामे करावीत म्हणून त्यांना गळ घातली. अशा बांधकामांनी सैन्याचे आणि नागरिकांचे मनोधैर्य खचेल, असे उत्तर मिळाल्याचे सिम्सन यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

संरक्षणाचा उरलेला भार विमानांवर टाकला होता. ३३६ विमाने लागतील असे १९४० साली लंडनच्या सेनाप्रमुखांनी ठरविले होते. युद्ध पेटले तेव्हा प्रत्यक्षात १५८ होती, आणि त्यांतील बरीच जुनाट होती. मदतीला आलेल्या 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन मोठ्या युद्धनौका १० डिसेंबरलाच बुडाल्या. अठराव्या ब्रिटिश डिव्हिजनचा मोठा भाग मुंबईस उतरून काही आठवडे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे राहिला होता. तो जानेवारीच्या अखेरीस सिंगापूरला पोहोचला आणि दोन-अडीच आठवड्यांतच कैदेत गेला.

१२ फेब्रुवारीच्या रात्री चांगी सोडावे लागले. जोहोर तोफखान्याच्या गोलंदाजांनी ज्या तोफांची वर्षानुवर्षे निगा राखली होती, त्या स्वतःच्या हातांनी उडवून दिल्या. शहरात कॅथलिकांच्या उत्तम मेंढपाळ कॅथिड्रलचे इस्पितळ झाले होते. रविवार, १५ फेब्रुवारी रोजी पर्सिव्हल यांनी शरणागती पत्करली. मंगळवारी, १७ तारखेला, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन कैद्यांचे तांडे चांगीकडे पायी निघाले. त्याच दिवशी भारतीय सैनिकांना त्यांच्यापासून वेगळे काढून फेरर पार्कवर जमविण्यात आले. एका तोफेवर खांद्याला खांदा लावून राबलेल्यांची अशी ताटातूट झाली. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता.

चांगीला तोफखान्याच्या सैनिकांसाठी १९३६ साली बांधलेली रॉबर्ट्स बराक होती. कैदेच्या काळात तिचे रुग्णालय झाले आणि तेथील १५१ क्रमांकाच्या इमारतीत संत लूक यांच्या नावाने लहानसे प्रार्थनामंदिर सुरू झाले. स्टॅन्ली वॉरन नावाचा तोफखान्यातील एक बॉम्बार्डियर तेथे आमांशाने आजारी होता. किनाऱ्यावरच्या त्या तोफांशी त्याचा संबंध नव्हता, तो मैदानी तोफखान्यातला होता. परंतु कैदेत सारे गोलंदाज एकच. सोबत्यांनी कोठून कोठून मिळवून आणलेल्या रंगांनी आणि बिलियर्डच्या खडूने त्याने भिंतीवर प्रभूचा जन्म रंगविला. ते चित्र १९४२ च्या नाताळापर्यंत पूर्ण झाले. पुढे त्याने शेवटचे भोजन, क्रूसारोहण, स्वर्गारोहण आणि तुरुंगातील संत लूक ही चित्रे काढली. क्रूसारोहणाच्या चित्रात त्याने मारेकऱ्यांसाठी क्षमा मागणारा ख्रिस्त दाखविला. त्या भिंतींवर नंतर रंगाचा हात फिरला, १९५८ साली चित्रे पुन्हा उजेडात आली, आणि वॉरन १९६३, १९८२ व १९८८ साली परत येऊन ती दुरुस्त करून गेला. १९९२ साली तो देवाघरी गेला. जोहोर तोफखान्याचे भुयारही असेच विस्मृतीत गेले होते. ते १९९१ साली सापडले आणि २००२ साली लोकांसाठी खुले झाले.

आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. खोटी साक्ष देऊ नये, हे बंधन जिवंत शेजाऱ्यापुरतेच आहे, असे कोणी सांगितलेले नाही. तोफा चुकीच्या दिशेला होत्या, असे म्हटले की गोलंदाज मूर्ख ठरतो. आणि ज्यांनी गोळे पाठविले नाहीत, विमाने दिली नाहीत, इशारे बाजूला ठेवले, ते सुखाने निसटतात. पराभवाचे ओझे नेहमी तळच्या माणसाच्या खांद्यावर घसरत येते. मृत माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. ती त्याच्या वतीने कागदपत्रांतून शोधून काढणे हे इतिहासाचे काम आहे, आणि आमच्या मते ते दयेच्या कृत्यांत मोडते.

येत्या ४ डिसेंबरला संत बार्बरेची आठवण होईल तेव्हा वाचकांनी या गोलंदाजांसाठीही, ब्रिटिश असोत की पंजाबी, एक लहानशी प्रार्थना करावी, एवढीच आमची विनंती आहे.