दूरस्थ नेत्रतपासणी : बाळ जिल्ह्यात, तज्ज्ञ बंगळुरूत

मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांना अंधत्वापासून वाचविण्यासाठी बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने २००८ साली ‘किडरॉप’ हा उपक्रम सुरू केला. डॉ. आनंद विनेकर यांच्या नेतृत्वाखालील या उपक्रमाला पुढे राज्य शासनाच्या आरोग्य यंत्रणेचीही साथ लाभली.

आजाराचे स्वरूप

रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, अर्थात ‘आरओपी’, या विकाराचे वर्णन प्रथम १९४२ साली झाले. अशा बालकांच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ जन्मावेळी अपुरी असते. पुढे त्या विकृत रीतीने वाढल्यास पटल सुटते आणि दृष्टी कायमची जाते. बाहेरून कोणतेही लक्षण दिसत नाही. म्हणूनच चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकाची पहिली नेत्रतपासणी तीस दिवसांच्या आत व्हावी, असा भारतातील निकष आहे. २०२० साली देशात सुमारे तीस लाख बालके मुदतीपूर्वी जन्मली. त्या तुलनेत या विकाराचे तज्ज्ञ मोजकेच असून ते बहुतांशी महानगरांत आहेत.

कार्यपद्धती

या उपक्रमात तज्ज्ञाऐवजी प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्यांतील नवजात अतिदक्षता विभागांत ठरलेल्या दिवशी जातात. ते दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतात व प्राथमिक निदान रंगांनी नोंदवितात. लाल म्हणजे तातडी, नारिंगी म्हणजे फेरतपासणी आणि हिरवा म्हणजे धोका नाही. बंगळुरूतील तज्ज्ञ तीच छायाचित्रे संगणकावर अथवा मोबाइलवर पाहून अहवाल देतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अनुभवी तंत्रज्ञांचे निर्णय तज्ज्ञांच्या निर्णयांशी सुमारे ९४ टक्के जुळले.

मर्यादा

छायाचित्र हा उपचार नव्हे. लेझर उपचार प्रशिक्षित नेत्रशल्यविशारदालाच करावे लागतात, आणि तेही निदानानंतर दोन-तीन दिवसांत. शिवाय बाळाला घरी पाठविताना पालकांना फेरतपासणीची तारीख सांगितली गेली नाही, तर सारी यंत्रणा निष्फळ ठरते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरओपीचा समावेश आहे.

नवे तज्ज्ञ घडण्यास अनेक वर्षे लागतात, तर बाळाची दृष्टी वाचविण्यास हाती उरतात काही आठवडे. उपलब्ध तज्ज्ञांचा वेळ केवळ निर्णय व उपचारांसाठी राखून ठेवणे, हा या उपक्रमाचा इतर बालविकारांसाठीही उपयुक्त असा धडा आहे.