कनकेचा आदित्य

मंडळी, कशेळी म्हटलं की आपल्या भिवंडीकरांना खाडीवरचा पूल आठवतो. आजची कशेळी ती नव्हे. ती राजापूर तालुक्यातली, समुद्राकाठची. तिथं श्रीकनकादित्य नांदतो.

परंपरा अशी सांगते की, प्रभासपाटणहून सूर्यमूर्ती घेऊन एक गलबत निघालं. कशेळीसमोर आलं आणि अडलं. हलेचना! शेवटी नाखव्यानं एक मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली. गलबत चालू लागलं. पुढं गावातल्या कनका नावाच्या गणिकेला दृष्टांत झाला. तिनं गावकऱ्यांना सांगितलं, मूर्ती सापडली, स्थापना झाली.

आता इतिहास पाहा. शिलाहार राजा दुसरा भोज यानं शके १११३, म्हणजे इ.स. ११९१ मध्ये ताम्रपट दिला. बारा ब्राह्मणांच्या भोजनासाठी कशेळी गाव दान केलं. केवढं मोठं दान! पण देवाला ‘भोजादित्य’ कुणी म्हटलं का हो? नाही. देवानं नाव घेतलं ते कनकेचं. जिला घरात घ्यायला लोक कचरले असतील, तिचं नाव त्यानं स्वतःच्या नावाआधी लावलं!

माघ शुद्ध सप्तमीला, रथसप्तमीला, तिथं उत्सव असतो. कालिकावाडीची कालिकादेवी पालखीतून भेटीला येते. पाच दिवस कीर्तन, पालखी, आनंद.

रथसप्तमीला आपणही अंगणात दूध उतू घालतो, अर्घ्य देतो. सूर्य कुणाचं अंगण वगळतो का? मग आपण आपल्या दारातून कुणाला परत पाठवलं, एवढं त्या दिवशी आठवा.

बोला, आदित्यनारायण महाराज की जय!