कोकोची फळकूज आणि काचेच्या बशीतील कसोटी

कोकोच्या फळावर प्रथम एक तपकिरी ठिपका उमटतो आणि दमट हवेत थोड्याच दिवसांत सबंध फळ काळे पडते. त्या फळकुजीच्या इतिहासातला एक जुना कागद हिंदुस्थान सरकारच्या दफ्तरातला आहे. पुसा येथील सरकारी कवकतज्ज्ञ एडविन बटलर यांनी १९०७ साली ताडाच्या रोगातून ज्या जीवाचे वर्णन केले, तोच पुढे फायटॉफ्थोरा पामिव्होरा या नावाने कोकोचा वैरी म्हणून जगभर ओळखला गेला. कोकणातल्या सुपारीबागांना भर पावसात नागवणारा कोळेरोगही याच वंशातला.

गोल्ड कोस्टात, म्हणजे आजच्या घानात, ताफो येथे १९४४ मध्ये पश्चिम आफ्रिकेची कोको संशोधन संस्था उभी राहिली. अशा ठिकाणी औषधांची पारख करण्याची रूढ रीत साधी होती: काचेच्या बशीतील आगरच्या पोषकात औषध मिसळावे, मध्यभागी बुरशीची चकती ठेवावी, आणि तिचा विस्तार औषधाविना वाढलेल्या बुरशीशी ताडून पाहावा. पण या कसोटीत तांब्याच्या औषधांवर अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पोषकातील द्रव्ये तांब्याला बांधून टाकतात. शिवाय तांब्याचा खरा प्रताप तंतूंवर नव्हे, तर फळावरील पाण्याच्या पातळ थरात पोहत येणाऱ्या बीजाणूंवर दिसतो. तांबे बीजाणूंवर काम करते, हे मर्म फ्रान्समधील बेनेदिक्त प्रेव्हो यांना १८०७ मध्येच उमगले होते. तांब्याचा नुसता अंश उतरलेल्या पाण्यातही गव्हाच्या काणीचे बीजाणू रुजत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. द्राक्षवेलींवरील मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण मियार्दे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले, ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

उलटपक्षी १९७७ च्या सुमारास आलेले मेटॅलॅक्सिल हे बुरशीनाशक बशीत अत्यल्प मात्रेतही तंतूंची वाढ रोखी. परंतु बटाट्याच्या करप्यात १९८० मध्येच त्याला न जुमानणारे वाण आयर्लंड व हॉलंडात प्रकटले, आणि कोकोवर मेटॅलॅक्सिल तांब्याच्या जोडीने वापरण्यात आले. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, ब्रेझियर व ग्रिफिन यांनी पश्चिम आफ्रिकेतील अधिक उग्र जीव फायटॉफ्थोरा मेगाकार्या म्हणून वेगळा काढला. तेव्हापासून बशीत नेमका कोणता जीव घेतला, ही नोंद औषधाच्या नावाइतकीच महत्त्वाची ठरली.

म्हणूनच बशीच्या निकालानंतर झाडावरून काढलेले कोवळे फळ धुऊन त्यावर औषध फवारावे, बीजाणूंचा थेंब ठेवून ते ओलसर पेटीत झाकावे, आणि डाग किती पसरतो ते मोजावे, ही दुसरी पायरी मला अपरिहार्य वाटते.