दोन रकान्यांचा एक मथळा

जळगांवाहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचें पहूर हें जामनेर तालुक्यांतील गांव. तेथील शेतकऱ्याच्या घरीं पोथीइतका जपून ठेवलेला कागद म्हणजे सातबारा. हक्कांचा गांव-नमुना ७ आणि पिकांचा गांव-नमुना १२ असे दोन तक्ते एका पानावर आणून तो बनतो. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यांत १९०३ सालीं झाला. महाराष्ट्र राज्यांत हे नमुने १९७१ च्या नियमांनीं ठरविले. वाचणारे त्यांतील आकडे पाहतात; आम्ही मात्र आज आकड्यांवरच्या मथळ्यांकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

नमुना १२ च्या जुन्या आंखणींत 'पिकाखालील क्षेत्राचा तपशील' असा एक लांब मथळा असे. त्याच्या पोटांत 'मिश्र पिकाखालील क्षेत्र' आणि 'निर्भेळ पिकाखालील क्षेत्र'. त्यांच्याही पोटांत 'जल सिंचित' व 'अजल सिंचित'. वरचा मथळा किती रकान्यांवर पसरला आहे, हें कळलें तरच खालच्या आकड्यास अर्थ येतो. आकडा एक घर सरकला कीं जिरायत कापूस बागायती ठरतो. तेव्हां मथळा मध्यभागीं लिहिणें ही नुसती शोभा नव्हे. कोणते रकाने त्याच्या ताब्यांत, याची ती साक्ष आहे.

हातानें लिहिणाऱ्या तलाठ्यास यांत कष्ट नव्हते. दोन घरांमधील उभी रेघ वर न्यावयाची नाहीं, कीं घरें एक झालीं. मध्य तर नजरेनेंच साधे. टंकलेखकास मात्र गणित करावें लागे: रुंदींतून मथळ्याचीं अक्षरें वजा करावयाचीं आणि उरलेली जागा दोहों बाजूंस निम्मी वांटावयाची.

संगणकावरील साध्या टेक्स्ट एडिटरानें हेंच गणित पुढें चालविलें. तेथें रेघ नाहीं, घर नाहीं. अक्षरें आणि मोकळ्या जागा एवढेंच भांडवल. रोमन लिपींत प्रत्येक अक्षरास सारखी रुंदी देऊन तें निभावतें. देवनागरींत तें फसतें. 'क्षेत्र' हा शब्द डोळ्यांस दोन अक्षरांचा. युनिकोडांत मात्र त्याचीं चिन्हें सात. सत्तावीस घरांच्या रुंदींतून सात वजा केलीं, तर दोहों बाजूंस दहा-दहा जागा सुटतात. पडद्यावर शब्दानें दोनच घरें व्यापलीं, तर ओळ बावीस घरांत संपते आणि उजवीकडची रेघ पांच घरें आंत येते. पुढचे सारे आकडे तिच्यामागोमाग सरकतात.

यावरचा उपाय जागा अधिक काळजीनें मोजण्यांत नव्हता. १९९६ च्या सुमारास वेबपानांच्या एचटीएमएल भाषेंत तक्ते रूढ झाले, तेव्हां मथळ्यासोबत 'कोलस्पॅन' ही खूण आली. हें घर दोन रकाने व्यापतें, असें त्या खुणेनें शब्दांत सांगावयाचें. रुंदी मोजणें आणि मध्य काढणें हें काम दाखविणाऱ्या यंत्राचें. आश्चर्य असें कीं ही खूणही साध्या टेक्स्ट एडिटरांतच लिहितां येते. जें जागा सोडून साधलें नाहीं, तें त्याच एडिटरांत चार अक्षरें अधिक लिहून साधलें.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. पहुराचा शेतकरी आतां तो मोबाइलावरही पाहूं शकतो. तलाठ्याची नजर जेथें मध्य साधीत होती, तेथें आज यंत्र मध्य साधतें. परंतु कोणता आकडा कोणत्या मथळ्याचा, हें यंत्रास स्वतः होऊन कळत नाहीं. तें कोणी तरी आधीं स्पष्ट लिहून ठेवावें लागतें. मोकळ्या जागेच्या भरंवशावर कोणाचेंहि शेत सोडूं नये, असें आम्हांस वाटतें.