पॉलिअमीन-नियामक प्रथिने आणि मानवी कर्करोग

पॉलिअमीन-नियामक प्रथिने : पुट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन ही पॉलिअमीने पेशीत किती तयार व्हावीत, बाहेरून किती आत घ्यावीत आणि केव्हा मोडावीत हे ठरवणारा प्रथिनांचा गट. या संयुगांवर धन विद्युतभार असल्याने ती डीएनए व आरएनएला बिलगतात. ती नसतील तर पेशीची वाढ खुंटते. डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ लेव्हेनहुकने १६७८ मध्ये वीर्यात पाहिलेले स्फटिक स्पर्मिनचेच होते आणि नावही त्यावरूनच पडले. १९७१ मध्ये संशोधक डायान रसेल यांना कर्करुग्णांच्या लघवीत पॉलिअमीने वाढलेली आढळली, तेव्हापासून वैद्यकाचे लक्ष या वाढलेल्या साठ्याकडे लागले. खरा बिघाड मात्र साठ्यापेक्षा तो राखणाऱ्या प्रथिनांत असतो.

या साखळीतले पहिले विकर म्हणजे ऑर्निथिन डिकार्बॉक्सिलेज. ते ऑर्निथिनपासून पुट्रेसिन बनवते. त्याचे अर्धायुष्य जेमतेम दहा ते तीस मिनिटांचे, म्हणजे पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडते. मोडण्याचे काम अँटिझाइमकडे असते आणि हे प्रथिन तयार होण्याची रीत जीवशास्त्रातल्या सर्वांत चतुर रीतींपैकी एक आहे. रायबोसोम अँटिझाइमचा संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचत जातो. वाटेत ‘थांबा’ची खूण लागते. पॉलिअमीने कमी असतील तर वाचन तिथेच संपते आणि प्रथिन अर्धवट राहते. ती जास्त झाली, की रायबोसोम नेमके एक अक्षर पुढे सरकतो, खूण ओलांडली जाते आणि पूर्ण अँटिझाइम तयार होते. मग ते त्या विकराला पकडून प्रथिने तोडणाऱ्या प्रोटिआसोमच्या हवाली करते, शिवाय बाहेरून येणारी पॉलिअमीनेही अडवते. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, तशी ही व्यवस्था. कर्करोगात ती दोन्ही बाजूंनी मोडते. मिक हे कर्कजनुक विकराचे उत्पादन वाढवते. दुसरीकडे अँटिझाइम-रोधक प्रथिन अँटिझाइमलाच अडकवून ठेवते. यकृताच्या कर्करोगात या रोधकाच्या आरएनएमध्ये एका अक्षराचा फेरफार होतो, ३६७ व्या जागी सेरिनऐवजी ग्लायसिन येते आणि त्याची अँटिझाइमवरची पकड आणखी घट्ट होते, असे २०१३ मध्ये दिसून आले. मोडणारी विकरेही निर्दोष नाहीत. स्पर्मिन ऑक्सिडेज स्पर्मिन मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या संसर्गात हे विकर वाढते आणि डीएनएला इजा होते.

यावर पहिला आक्षेप असा, की वेगाने विभागणाऱ्या पेशीत पॉलिअमीने वाढणारच. ती रोगाचा परिणाम आहेत, कारण नव्हे. हा आक्षेप उंदरांवरील प्रयोगांनी बराच निकाली काढला. त्वचेत ऑर्निथिन डिकार्बॉक्सिलेज वाढवलेल्या उंदरांना कर्कजनकाची एकच छोटी मात्रा गाठी येण्यास पुरली. अँटिझाइम वाढवलेल्या उंदरांत गाठी कमी झाल्या. माणसातला पुरावा २००८ चा : पूर्वी आतड्यातल्या गाठी काढलेल्या ३७५ जणांना तीन वर्षे त्याच विकराला रोखणारे एफ्लोर्निथिन आणि दाहशामक सुलिंडॅक किंवा नुसते प्लासिबो दिले गेले. गाठी पुन्हा आल्या त्या प्लासिबो गटात ४१ टक्के आणि औषधाच्या गटात १२ टक्के जणांना. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाढलेल्या गाठींवर एफ्लोर्निथिन एकटे दिले तेव्हा निराशाच पदरी पडली. पण उत्पादन रोखले की पेशी रक्तातून आणि आतड्यातून पॉलिअमीने ओढून घेते. पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवल्यावर कुलपाला दोष देण्यात अर्थ नाही. जिथे मिक-कुळातले जनुक अनेकदा रोगाच्या मुळाशी असते, त्या न्यूरोब्लास्टोमा या मुलांमधल्या चेतापेशींच्या कर्करोगात जोखीम मोठी असलेल्या रुग्णांना रोग उलटू नये म्हणून एफ्लोर्निथिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. हे औषध त्याआधीपासून आफ्रिकेतल्या निद्रारोगावर वापरात आहे.

बुलढाणा जिल्ह्यात हा विषय परका वाटेल, पण चिखली-मेहकर पट्ट्यात शेतभर उभे असणारे सोयाबीन स्पर्मिडिनने समृद्ध आहे. मग सोयाबीन खाल्ल्याने कर्करोग होतो का? असे मानायला आधार नाही. निरोगी पेशीत साठा ठरवणारा कारभार अँटिझाइमच्या हाती असतो, ताटातल्या घासाच्या नव्हे. पॉलिअमीनची खरी धास्ती असलीच तर ती शेताऐवजी खिशातल्या पुडीत शोधावी. तंबाखूचे रोप पुट्रेसिनपासूनच निकोटिन बनवते. त्या निकोटिनपासून आणि त्याच्या भावंडापासून पान वाळवताना व मुरवताना नायट्रोसअमीने तयार होतात, आणि ती माणसात कर्कजनक ठरली आहेत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू-चुना मळणारा तळवा दिसायला फार शोधावे लागत नाही. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत मोडतो, तो उगाच नाही.

तोंडाच्या कर्करुग्णांच्या लाळेत पुट्रेसिन वाढलेले आढळते, म्हणून लाळेची तपासणी करावी, असे सुचवले जाते. हा मार्ग अजून विश्वासाचा नाही. तोंडातले जिवाणूही पुट्रेसिन बनवतात, त्यामुळे हिरड्या सुजलेल्या निरोगी माणसाची लाळही संशयास्पद ठरू शकते. निदान होते ते ऊतकाचा तुकडा तपासूनच. खामगाव असो वा लोणार, ज्याच्या तोंडात पुसला न जाणारा पांढरा वा लाल चट्टा आहे किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे, त्याने पॉलिअमीनच्या चाचणीची वाट न पाहता तोंड डॉक्टरांना दाखवावे.