अंगभर दुखणे आणि त्याचे निदान : फायब्रोमायल्जियाचा मराठवाड्यातून विचार

१. प्रतिपाद्य

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये काय किंवा लातूरच्या एखाद्या बाह्यरुग्ण विभागात काय, एक तक्रार नेहमी ऐकू येते : "सगळं अंग ठणकतंय, रात्रभर झोपले तरी सकाळी गळून गेल्यासारखं होतं." रक्त तपासले जाते, एक्स-रे निघतो, दोन्ही ठीक येतात आणि रुग्ण गोळ्यांची पुडी घेऊन घरी जातो. फायब्रोमायल्जिया हे सगळ्या तपासण्या संपल्यावर उरलेल्या दुखण्याला द्यायचे नाव नव्हे. नेमके प्रश्न विचारून, ठरलेल्या निकषांवर करायचे ते निदान आहे. त्यासाठी हैदराबाद किंवा पुणे गाठावेच लागते असे नाही; नांदेड-लातुरातला फिजिशियनही ते करू शकतो.

२. दुखण्याचे स्वरूप

या आजारात स्नायू झिजत नाहीत, सांधे सुजत नाहीत. बदल होतो तो वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत. २००२ मध्ये रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी १६ रुग्ण व १६ निरोगी व्यक्तींच्या अंगठ्यावर मोजून दाब दिला आणि त्या वेळी मेंदूचे चित्रण केले. ज्या हलक्या दाबाने रुग्णांच्या मेंदूतील वेदनेशी निगडित भाग उजळले, त्याच दाबाने निरोगी माणसांना फारसे दुखले नाही. तेवढी वेदना होण्यासाठी त्यांना बराच अधिक दाब द्यावा लागला. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा होत नाही. हा बदल एक्स-रेत दिसण्यासारखाच नाही.

३. निकषांची घडण

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने १९९० मध्ये पहिले सर्वमान्य निकष दिले : तीन महिन्यांहून अधिक काळ अंगभर दुखणे आणि शरीरावरच्या १८ ठरावीक बिंदूंपैकी किमान ११ बिंदू सुमारे ४ किलो दाबाने दुखणे. यात थकवा आणि झोप यांची दखल नव्हती. २०१० च्या निकषांत बिंदू दाबून पाहणे गेले, विचारणे आले. २०१६ च्या सुधारणेनंतरची रीत अशी :

(अ) गेल्या आठवड्यात शरीराच्या १९ भागांपैकी किती भाग दुखले ते मोजायचे.
(आ) थकवा, उठल्यावर ताजेतवाने न वाटणे आणि विसरभोळेपणा किंवा लक्ष न लागणे यांना प्रत्येकी ० ते ३ गुण. डोकेदुखी, ओटीपोटात दुखणे व उदासी यांना प्रत्येकी १ गुण. एकूण १२.
(इ) दुखरे भाग ७ किंवा अधिक व गुण ५ किंवा अधिक. अथवा भाग ४ ते ६ व गुण ९ किंवा अधिक.
(ई) दुखणे शरीराच्या पाचपैकी चार विभागांत असावे आणि त्रास किमान तीन महिन्यांचा असावा.

याच सुधारणेत आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे : दुसरा आजार सोबत असला तरी हे निदान बाद होत नाही.

४. याच मातीतली इतर कारणे

तरीही सोबत दुसरे काही आहे का, हे पाहावेच लागते. मराठवाड्यात त्याला स्थानिक संदर्भ आहेत. २००६ च्या चिकनगुनियाच्या साथीने इथली घरेच्या घरे सांधे धरून बसली होती. तापानंतर काहींचे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते, म्हणून 'दुखणे तापानंतर सुरू झाले का' हा प्रश्न आवश्यक आहे. नांदेड जिल्ह्यात किनवट परिसरात भूजलात फ्लोराइड आढळते. तिथल्या रुग्णाची पाठ-मान आखडली असेल, तर पिण्याचे पाणी विहिरीचे की बोअरचे हे विचारायला हवे. थायरॉइडची कमतरता, ड जीवनसत्त्वाचा अभाव आणि रक्त कमी असणे यांनीही अंग दुखते व थकवा येतो. सांध्यांवर सूज आणि सकाळी तासभर टिकणारी आखडण असेल, तर आमवाताचा विचार आधी करावा. यासाठी रक्ताच्या मोजक्याच तपासण्या पुरतात. 'आरए फॅक्टर' सरसकट करू नये. निरोगी माणसांतही तो कधी कधी वाढलेला निघतो आणि रुग्णाच्या माथी नसलेला संधिवात बसतो.

५. निदान कुठे अडते

पहिला अडथळा सवयीचा आहे. पन्नाशीच्या बाईच्या एमआरआयमध्ये मणक्याची थोडी झीज दिसतेच. 'मणक्यात गॅप आहे' एवढ्यावर विषय मिटतो. हात, जबडा आणि पोटऱ्या का दुखतात, हे कुणी विचारत नाही. दुसरा अडथळा समजुतीचा. सोयाबीनची काढणी, लांबून आणलेले पाणी आणि घरकाम यांनी अंग दुखणारच, असे रुग्ण स्वतःही मानतो. कष्टाचे दुखणे विश्रांतीने उतरते, हे उतरत नाही. हा फरक विचारल्याशिवाय हाती लागत नाही. तिसरा अडथळा व्यवस्थेचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा पूर्वावतार २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात नांदेड होते. पण तिची मांडणी दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती आहे. वीस मिनिटांच्या संभाषणातून होणाऱ्या निदानाला तिच्यात जागा नाही.

विचारण्याचे मोल महाराष्ट्राने पाहिलेले आहे. डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवणला घरोघरी पाहणी सुरू केली. तिथे ठरावीक संधिवातांपेक्षा स्नायू-अस्थिबंधांची आणि कोणत्याच नावात न बसणारी दुखणी अधिक आढळली. पाहणी करणारे विचारायला आले, म्हणून ती नोंदली गेली.

६. भेटीची रीत आणि पुढचे

रुग्णाने एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : दुखणारे सगळे भाग, दुखणे सुरू झाल्याचा महिना, झोपेची तऱ्हा, चालू गोळ्या. 'मला फायब्रोमायल्जिया असू शकेल का?' हे डॉक्टरांना सरळ विचारावे. त्यात उद्धटपणा नाही.

निदानानंतर उपचारांची दिशाच बदलते. स्टेरॉइडची इंजेक्शने आणि तीव्र वेदनाशामके इथे कामाची नाहीत. सलाईननेही हे जात नाही. युरोपीय तज्ज्ञगटाच्या शिफारशींत सर्वांत ठाम पाठिंबा व्यायामाला आहे. रोज थोडे चालणे, तेही हळूहळू वाढवत. गरजेप्रमाणे अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन किंवा प्रीगाबालीन दिले जाते. आजार पूर्ण जात नाही, पण त्याने सांधे वाकडे होत नाहीत, जीव जात नाही. वर्षानुवर्षे दवाखाने पालथे घालणाऱ्याला हे स्पष्ट सांगणे हाही उपचारच आहे. म्हणून केस पेपरवर 'अंगदुखी' लिहून थांबू नये. १९ भाग मोजावेत, गुण मांडावेत आणि निकष जुळले तर आजाराचे नाव लिहावे. घरच्यांनी 'नाटक' ठरवलेल्या बाईला त्या नावाचा आधार मिळतो, आणि पुढच्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.